तोच कूलर अकोल्यात गारवा देतो, वसईत घाम काढतो. वरच्या मजल्यासाठी नेमकं काय करावं?

अकोला_वसई_पॅसेंजर

दोन घरं डोळ्यांसमोर ठेवून विचारतोय. दोन्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर पाच इंची आरसीसी स्लॅब आणि वर उघडी गच्ची. एक अकोल्यात, तिथे सत्तरी ओलांडलेले आई-वडील राहतात. दुसरं वसईत. खोली दोन्हीकडे १० बाय १२ ची, उंची १० फूट.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४ वर असतो, तरी कूलरसमोर बसवतं. वसईत पारा ३३ च्या आसपासच असतो, पण तसाच कूलर लावला की अंथरूण दमट आणि अंग चिकट. असं का? दुसरं, दोन्हीकडे रात्री अकरा-बारापर्यंत स्लॅब भट्टीसारखा तापलेला असतो. चुना मारून किती फरक पडतो, आणि तो कसा मारायचा? तिसरं, म्हाताऱ्या माणसांना नुसत्या पंख्याखाली ठेवणं कुठपर्यंत ठीक?

एसीचा विचार शेवटी. ‘भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला’ हे ठाऊक आहे. आकडे आणि कृती सांगा.

ओलं_फडकं

थर्मामीटरचा एकच आकडा बघून हे कोडं सुटणार नाही. जोडीला दुसरा आकडा लागतो, तो ओल्या फडक्याचा. हवामानखात्याच्या भाषेत वेट बल्ब. पाणी उडून जाताना हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते, ते हे तापमान. कूलर, माठ, ओला पडदा, अंगावरचा घाम, या सगळ्यांची धाव तिथपर्यंतच.

घरी मोजता येतं. लाल रेघेचे भिंतीवर लावायचे दोन साधे थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही शेजारी ठेवून एकच आकडा दाखवतात का ते बघा, नसेल तर फरक लिहून ठेवा. बुटाची पांढरी सुती नाडी साबणाच्या पाण्यात उकळून खळ काढून टाका. ही नाडी आतून पोकळ असते, ती मोज्यासारखी एकाच्या फुग्यावर चढवा आणि खालचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. मग दोन्ही थर्मामीटर सावलीत, टेबलफॅनच्या झोतात पाच मिनिटं धरा. ओल्याचा आकडा उतरत उतरत जिथे थांबेल तो तुमचा वेट बल्ब. पंखा न लावता मोजलं तर दोन-तीन अंश जास्त दिसतो, बहुतेकांची चूक तिथेच होते. बोअरच्या पाण्याने नाडीवर क्षार साचतो आणि ती पाणी ओढेनाशी होते, म्हणून पाणी गाळलेलं किंवा पावसाचं घ्या आणि नाडी अधूनमधून बदला.

आता हिशेब. अकोल्यात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला आकडा येतो २३ च्या आसपास. दोन्हींत २१ अंशांचं अंतर. बऱ्या अवस्थेतला ताट्यांचा (बाजूंना ओल्या जाळ्या असलेला) कूलर या अंतरातलं ७० टक्के कापतो. म्हणजे ४४ वजा १४.७, झोतातली हवा २९ ते ३०. वसईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ओला आकडा २८ च्या वर. अंतर जेमतेम साडेचार-पाच अंश, त्यातलं ७० टक्के म्हणजे सव्वातीन-साडेतीन. हवा ३० वर आली खरी, पण तिची आर्द्रता आता ९० टक्क्यांच्या घरात. त्या हवेत तुमचा घाम उडत नाही. कूलरने तीन अंश दिले आणि शरीराचा स्वतःचा कूलर बंद पाडला.

माझा ठोकताळा असा: दोन आकड्यांत १० अंशांपेक्षा जास्त अंतर असेल तर कूलर जोरात चालवा. सहा ते दहा असेल तर खिडकी सताड उघडी ठेवून. सहाच्या खाली पंप बंद.

पाण्याचा हिशेबही ऐका. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता ओढतं, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटाला थोडी कमी. तासाला सव्वापाच लिटर उडालं की ते एक टनाच्या एसीइतकं काम. ऐकायला फुकटची चैन वाटते, पण यातला मोठा हिस्सा बाहेरच्या ४४ च्या हवेला खोलीच्या ३४ पर्यंत आणण्यातच जातो. तासाला १५०० घनमीटर हवा फेकणारा कूलर त्या दुपारी १० लिटर पाणी पितो आणि खोलीच्या वाट्याला त्यातला तिसरा भाग गारवा येतो. रात्री अकराला बाहेर ३४ आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ओला आकडा २० वर असतो आणि कूलर २४ ची हवा देतो. म्हणून अकोल्यात कूलरची खरी मजा रात्री.

ताट्या_बदला_भाऊ

वरचं गणित बरोबर आहे, पण निम्मे कूलर खिडकीपाशी फसतात. कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून बसले की झालं, तीच ओली हवा फिरून फिरून ताट्यांत. अर्ध्या तासात अकोल्याची वसई होते.

कूलर खिडकीबाहेर, तिन्ही ताट्या मोकळ्या हवेकडे, भिंतीपासून निदान एक फूट सुटा, आणि शक्यतो सावलीत. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, कारण जितकी हवा आत येते तितकी बाहेर गेली पाहिजे. किती उघडं? तासाला १५०० घनमीटरला पावणेदोन-दोन चौरस फूट. कूलरच्या तोंडाशी नाही, अगदी पलीकडे. त्या खिडकीत अगरबत्ती धरा. धूर सपकन बाहेर ओढला गेला पाहिजे. तिथल्या तिथे घुटमळत असेल तर फट वाढवा. हवा झोपायच्या खोलीतून शिरून स्वयंपाकघरातून बाहेर पडेल असा रस्ता काढला की फोडणीचा वासही आत येत नाही.

तुमच्या १० बाय १२ ला तासाला १००० ते १४०० घनमीटर पुष्कळ. खोलीतली हवा दीड-दोन मिनिटांत एकदा बदलते. दुकानात ४००० चा डेझर्ट कूलर गळ्यात मारतात. त्या खोलीत तो फक्त आवाज करतो आणि पाणी पितो.

ताट्यांचं सांगतो. वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची, ताटी एका हंगामाची. दुसऱ्या वर्षी ती खाली बसते आणि वरच्या बाजूला रिकामी पट्टी पडते. दिवसा कूलरच्या आतून ताटीकडे बघा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथून ४४ ची हवा कोरडीच आत येत आहे. मूठभर वुडवूल भरून ते बुजवा. नंतर पंप लावून बघा, ताटीवर कोरडे पट्टे राहतात का. राहत असतील तर वरच्या पन्हळीची किंवा नळीची भोकं क्षाराने बुजली आहेत, सायकलच्या स्पोकने मोकळी करा. कूलर एका बाजूला कलला असला तरी पाणी एकाच ताटीवर जातं, लेव्हल बघून खाली फरशीचा तुकडा सरकवा. हनीकोंबचं, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या घरांचं, पॅड तीन-चार हंगाम टिकतं आणि अंतरातलं ८० टक्क्यांपर्यंत कापतं, पण जड पाण्याने त्याची घरं भरली की हवाच अडते. वाळ्याची ताटी सुगंधासाठी छान. नुसत्या गारव्यासाठी पैसे घालू नका.

पंप आधी दहा मिनिटं, पंखा नंतर. बंद करताना उलटं: पंप आधी बंद, पंखा अर्धा तास चालू, ताट्या कोरड्या होऊ द्या. कूलरला कुबट वास येतो तो हे न केल्यामुळे, अत्तर टाकून जात नाही.

पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतो. बोअरचं पाणी असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी टाकीतलं पाणी चिकट-खारट झालेलं असतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतल्या भिंती काथ्याने घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नगरपालिकेवाले ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगत फिरतात, ते याच हिशेबाने.

शॉकचा विषय शेवटी सांगतोय, पण महत्त्वाचा. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि दोन पिनांचा प्लग म्हणजे दरवर्षीची बातमी. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतलं अर्थिंग, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. पाणी भरताना बटण बंद करून पिन उपटायची, नुसतं बटण नाही. पंपाच्या वायरचा जोड पाण्याच्या वर पाहिजे, टेप गुंडाळलेला जोड टाकीत बुडालेला दिसला की पंपच बदला.

बर्फाचा_गोळा

टाकीत बर्फ टाकला तर? हल्ली कूलरला बर्फासाठी वेगळा कप्पाही देतात.

ओलं_फडकं

एक किलो बर्फ वितळून २३ अंशांवर येईपर्यंत ०.४३ मेगाज्यूल घेतो. एक लिटर पाणी उडताना २.४ घेतं, म्हणजे साडेपाच पट. पाच किलोची लादी टाकलीत तर साधारण एका लिटर पाण्याचं काम झालं. वरचा १५०० घनमीटरचा कूलर ते तासाच्या दहाव्या हिस्स्यात, सहा मिनिटांत करतो. शिवाय घरच्या फ्रिजमध्ये बर्फ केला असेल तर फ्रिजने मागच्या जाळीतून त्यापेक्षा जास्त उष्णता त्याच घरात सोडलेली असते. बर्फ सरबतात घाला.

गच्चीवरचा_ओळंबा

स्लॅबकडे येतो. रात्रीची भट्टी ही दिवसाची साठवण आहे. १० बाय १२ च्या पाच इंची स्लॅबचं वजन सव्वातीन टनांच्या वर भरतं. तो १५ अंशांनी थंड होताना सुमारे १२ युनिट उष्णता बाहेर टाकतो. एक किलोवॉटचा हीटर बारा तास चालवावा तितकी. काही आकाशाकडे जाते, बाकी तुमच्या गादीकडे. आणि ती झोताने नव्हे, किरणांनी येते. म्हणूनच पंख्याखाली हवा ३२ असली तरी डोकं तापतं: वर ४२ ची पाटी तुमच्याकडे बघत असते. दुपारी तीनला गच्ची सगळ्यात जास्त तापते, छताची आतली बाजू मात्र संध्याकाळी सहा-सातला.

त्यामुळे उष्णता आत शिरण्याआधी अडवणं हा एकच पैसा वसूल उपाय. करडा, काळपट पडलेला काँक्रीट ऊन पितो, पांढरा ताजा चुना त्यातलं बरंचसं परत पाठवतो. भर दुपारी उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग ६० पर्यंत जातो, पांढरा केलेला त्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली राहतो. खोलीतल्या हवेत हा फरक दोन ते पाच अंशांचा होतो, त्याहून मोठे दावे करणाऱ्याला दुसरा थर्मामीटर दाखवायला सांगा.

कृती. तुमच्या १२० चौरस फुटांना दोन हातांसाठी कळीचा (न विरवलेला) चुना ४ किलो धरा, गच्ची खरबरीत असेल तर ५. लोखंडी पिंपात आधी २० लिटर पाणी आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. उलटं करू नका, चुन्यावर पाणी ओतलं की ते उसळून तोंडावर येतं. चुना विरताना पाणी उकळतं, पातळ प्लॅस्टिकची बादली वितळते. डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे. डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा आणि लगेच दवाखाना गाठा. चोवीस तास मुरवून जाड फडक्यातून गाळा. मलई पातळ दुधासारखी व्हायला हवी. दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे इथे ८० ग्रॅम. डिंक विसरलात तर आठ दिवसांत चुना पायांना आणि वाळवणाला लागतो, मग कुरडयांवरून घरात महाभारत. भिंतीच्या चुन्यात घालतात ती नीळ इथे नको. ती डोळ्यांना शुभ्र दाखवते, ऊन परतवायला तिचा उपयोग नाही.

गच्ची तारेच्या ब्रशने घासून शेवाळ काढा, धुवा, भेगा भरा आणि ओलसर असतानाच संध्याकाळी पहिला हात द्या. तळपत्या स्लॅबवर मारलेला चुना भुकटी होऊन उडतो, कारण त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड व्हायला ओल आणि वेळ लागतो. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी, पहिल्याला आडवा. काम फेब्रुवारीअखेर उरकावं. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, हे दरवर्षीचं काम आहे. वसईच्या पावसात तर नक्कीच. तिथे पैसे असतील तर टाइल्सच्या पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या, वर्षानुवर्षं टिकतं, पाणीही अडवतं. तुकड्यांमधली दर्ज पांढऱ्या सिमेंटची हवी, आणि वर्षातून एकदा घासलं पाहिजे. मळलेलं पांढरं हे करड्यासारखंच वागतं.

अकोल्यात आणखी एक: सूर्य उतरल्यावर गच्ची शिंपडा. तेच १२ युनिट पाण्याने काढायचे तर १८ लिटर पाणी उडावं लागतं, म्हणजे सव्वा बादली. प्रत्यक्षात दोन बादल्या धरा, सहा, साडेसात आणि नऊला, तीन वेळा पातळ हाताने. एकदम ओतलेलं पाणी उडत नाही, पन्हाळीतून जातं. भर दुपारी दोनला शिंपडू नका. पाच मिनिटांत सुकतं आणि उन्हाशी शर्यत लावल्यासारखं होतं. पाण्याची पाळी आठवड्याने येत असेल तर हे सोडा, चुन्यावर भागवा.

पत्र्याचं घर असेल तर साठवणीचा प्रश्न नाही. पत्रा दिवसा भाजतो, रात्री तासाभरात थंड. तिथे वरून पांढरा रंग आणि आतून चटईचं छत, मध्ये सहा इंच हवेला मोकळी वाट. थर्माकोलचं छत मात्र कुणी सुचवलं तरी लावू नका, ठिणगी पडली तर जीवघेणं.

कोरडा_घसा

खिडक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. हवा खेळती पाहिजे म्हणून दिवसभर उघड्या ठेवाव्यात ना?

गच्चीवरचा_ओळंबा

अकोल्यात नाही. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की, साधारण सकाळी नऊ-साडेनऊला, कूलरची वाट सोडून सगळं बंद आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा किंवा बांबूची चटई. आतून लावलेला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. रात्री बाहेरचा आकडा खाली उतरला की सताड उघडा. वसईत दिवस-रात्रीत फारसा फरक नसतो आणि दुपारी खारा वारा येतो, तिथे उघड्याच बऱ्या.

पारा_आणि_नाडी

म्हाताऱ्या माणसांचं बोलू. पंखा हवा थंड करत नाही, घाम उडवतो. त्वचा असते ३५ च्या आसपास. हवा त्याहून गरम झाली की पंख्याचा झोत अंगात उष्णता ढकलतो आणि दुसरीकडे घाम उडवून ती काढतो. घाम भरपूर असेल तोवर सौदा फायद्याचा. वय झालं की घाम कमी सुटतो, तहानही उशिरा लागते. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका म्हणून सांगते. वृद्धांसाठी मी ३८ ला सावध होईन. मात्र त्यावर उपाय स्वस्त आहे: घामाच्या जागी पाणी. पातळ सुती पंचा भिजवून पिळून खांद्यावर आणि हातांवर ठेवा आणि मग पंखा लावा. अकोल्यात हा बारीकसा कूलरच झाला, वीज गेली तरी हातपंख्यावर चालतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी परत भिजवावा लागतो, सुकलेला पंचा उलट ऊब देतो. दमट वसईत याचा गुण निम्मा.

आणि दमट हवेतला ३८ हा कोरड्या ४४ पेक्षा सौम्य समजू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या गर्दीतले १४ जण दगावले, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. वेट बल्ब ३५ ही माणसाची मर्यादा असं बरीच वर्षं पुस्तकात होतं. अमेरिकेत तरुण, धडधाकट लोकांवर दमट हवेत केलेले प्रयोग २०२२ मध्ये छापून आले, त्यांत शरीराचं तापमान हाताबाहेर जायला लागलं ते सुमारे ३०.६ वरच. तेव्हा वसईत ओला आकडा २९ दाखवत असेल तर आजी-आजोबांना दुपारी जिने चढायला लावू नका.

अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात ४६.८ अंश पाहिले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातूनच २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. त्यातला घरात उचलण्यासारखा भाग साधा आहे: अंदाज आला की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दिवसातून दोनदा फोन. फोनवर ‘बरे आहात ना’ विचारू नका, ‘हो’च येतं. दुपारनंतर लघवीला किती वेळा गेलात, रंग गडद आहे का, हे विचारा. बोलणं अडखळतंय, नावं चुकतायत, अंग कोरडं किंवा घामेजलेलं पण कढत, थर्मामीटर ४० च्या वर, तर तो उष्माघात. १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही: कपडे सैल, अंगभर पाणी, जोराचा पंखा, काखेत-मानेत-जांघेत ओल्या फडक्यात बर्फ. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही, तो ताप वेगळा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्यायला ताक, पन्हं उत्तम. घामाने गळाल्यासारखं झालं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलीचा. हे दिवसभर पाण्याऐवजी नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर पाणी-मिठाचं प्रमाण उन्हाळा लागायच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खिशातला कांदा खिशात काही करत नाही. ताटात घ्या.

अकोला_वसई_पॅसेंजर

सगळ्यांचे आभार. नाडी चढवून मोजलं. अकोला दुपारी दोन: कोरडा ४३, ओला २२.५. वसई: ३३ आणि २८. आता वसईतला कूलर काढून टाकावा हे पटलं. मग तिथे एसी घ्यायचाच तर किती टनाचा? आणि अकोल्याचा कूलर बंद कधी करायचा?

ओलं_फडकं

वसईत आधी गच्ची पांढरी करा, मग एसीचं माप घ्या. नाहीतर स्लॅबसाठी अर्धा टन जास्त विकत घ्याल. पांढऱ्या गच्चीखाली १२० चौरस फुटांना एक टन पुरावा. २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ वर असतात, ते २७ वर आणा आणि छताचा पंखा मंद ठेवा. एसीने हवेतलं पाणी काढलं की पंख्याखाली २७ पुरतात. दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. संध्याकाळी गारवा असेल तेव्हा नुसता ड्राय मोडही भागवतो. खोलीत ओले कपडे वाळत घातले की सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः.

ताट्या_बदला_भाऊ

अकोल्यात तारीख बघू नका, नाडी बघा. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की दोन आकड्यांतलं अंतर सहाच्या खाली येतं. त्या दिवशी पंप बंद, कूलर नुसता पंखा म्हणून चालवा. मग एखादा उघडीपीचा दिवस बघून टाकी रिकामी करा, घासा, उन्हात कोरडी करा. वुडवूलच्या ताट्या फेकून द्या, पुढच्या वर्षासाठी जपल्या तर त्यात उंदीर बाळंत होतात. पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवून क्षार काढा आणि घरात ठेवा. मोटरच्या दांड्याला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. तळाला गंज दिसला तर आत्ताच खरवडून रंग लावा, मार्चमध्ये पत्रेवाल्याकडे रांग असते.